शून्य शिलकेचा पंचनामा

माझ्या भाऊजींना कोणी हुशार म्हटलं की माझं डोकं फिरतं. आहेत हुशार, कोण नाही म्हणतं? तेच तर दुखणं आहे. साधा माणूस असता तर पैसे बुडाल्यावर चार दिवस तोंड पाडून बसला असता आणि पाचव्या दिवशी कामाला लागला असता. आमच्या भाऊजींनी पंचनामा केला.

पण आधी माणूस सांगते. देवमन तायडे, वय त्रेपन्न, राहणार बार्शीटाकळी. माझ्या मोठ्या बहिणीचे, इंदूताईचे यजमान. तहसीलच्या रस्त्यावर त्यांचं सेवा केंद्र आहे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधार, पॅन, रेशनकार्डावर नाव चढवणं आणि उतरवणं, सगळं तिथे होतं. पण त्यांचं नाव झालं ते पीक विम्यानं. अकरा वर्षांत आपण भरलेला एकही क्लेम परत आला नाही, असं ते सांगतात. मी काही कागद तपासायला गेले नाही, पण रांग मी पाहिली आहे, ती थेट चहाच्या टपरीपर्यंत जाते.

त्याचं शास्त्र त्यांच्याकडे आहे. शेतात पाणी साचलं की बहात्तर तासांच्या आत कंपनीला कळवायचं. फोटो पिकाच्या मधोमध उभं राहून काढायचा, बांधावरून नाही. पंचांच्या सह्या एकाच शाईनं घ्यायच्या. आणि 'अंदाजे' हा शब्द कागदावर कुठेच येऊ द्यायचा नाही. "अंदाजे लिवलं का गेलं काम," असं ते प्रत्येक माणसाला बजावतात. नियम दरसाल बदलतात, पण शासनाचा निर्णय निघाला की संध्याकाळपर्यंत तो भाऊजींना पाठ असतो.

मी अकोल्याला शाळेत गणित शिकवते. मला ते 'मास्तरीनबाई' म्हणतात. मेहुणीला चिडवायचा हक्क त्यांना आहे आणि उलटून बोलायचा मला, त्यामुळे आमचं बरं चालतं.

तर एक दिवस सर्व्हर बंद पडला. आता सेवा केंद्रात सर्व्हर बंद पडणं ही काही बातमी नव्हे, पण त्या दिवशी तो दुपारपर्यंत आलाच नाही, आणि भाऊजी मोबाईल घेऊन बसले. त्यात जाहिरात दिसली, क्रिप्टोच्या वायद्यांची. म्हणजे नाणं विकत घ्यायचं नाही, नुसतं त्याचा भाव चढेल का पडेल यावर सौदा लावायचा. आणि सौद्याची सगळी रक्कम भरायची नाही, फक्त ठेव ठेवायची. चाळीस हजार ठेवा, चार लाखांचा सौदा लावा. बाकीचे लोक इथे लगेच बटण दाबतात. भाऊजींनी शर्ती व अटी उघडल्या. सगळ्या! भाषांतराचं ॲप लावून, दोन दिवस, चष्मा पुसत पुसत. त्या कंपनीच्या अटी अख्ख्या वाचणारा भारतात दुसरा माणूस असेल असं मला वाटत नाही.

आणि तिथेच घात झाला. अटींमध्ये त्यांना दोन शब्द सापडले: विमा निधी.

रविवारी ते अकोल्याला माझ्या घरी आले, चपला काढायच्या आधीच सुरू झाले. "मास्तरीनबाई, असा धंदा पायला का कुठी? विमा काढा नाई लागत, हप्ता भरा नाई लागत. कंपनीनं सौदेवाल्यांच्या रक्षणासाठी आधीच निधी काढून ठेवला हाये! हे पाहा, रोजचा आकडा लिवते थे."

"भाऊजी, दहापट सौदा म्हणजे भाव दहा टक्के पडला की तुमची ठेव गेली. सहावीतल्या पोराला समजतं."

"जाऊ दे ना! नुकसान झालं तं विमा हाये का नाई? का थो भिंतीले लावाले ठेवला?"

मी म्हटलं, वाचा नीट, कोणाचं रक्षण लिहिलंय ते. ते म्हणाले, वाचलं. पोह्यांवर आणखी शेव मागितली आणि गेले.

आता हे एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहायला बसलेच नसते. चाळीस हजार त्यांचे स्वतःचे होते, आणि स्वतःच्या पैशानं शहाणं व्हायचा अधिकार प्रत्येकाला आहे. पण केंद्राच्या बाकावर रोज सकाळी सूर्यभानभाऊ येऊन बसतात. पस्तीस वर्षं एसटी चालवली, एकदाही कुठे घासली नाही, आणि मागच्या साली निवृत्त झाले. मिळालेले पैसे बँकेत. मुलगी प्रणाली, अमरावतीला नर्सिंगला, अजून दोन वर्षं बाकी. पैसे त्या शिक्षणाचे आणि म्हातारपणाचे, तिसरं काही नाही. भाऊजींनी त्यांनाही विमा निधी समजावला.

सूर्यभानभाऊ ड्रायव्हर माणूस. वळणावर आधी हॉर्न देणार. ते म्हणाले, "देवमनभाऊ, आधी तुमी टाका. तुमचं पाहून मी टाकतो."

भाऊजींनी टाकले.

बारा दिवस बरं चाललं. तेराव्या दिवशी ते आणि ताई पातूरला एका साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, गेले होते. पंगत बसली होती, रोडगे आणि वांग्याची भाजी, वर तूप. मोबाईल खिशात वाजला. भाऊजींना वाटलं रिचार्ज संपलं असेल. त्यांनी बुंदी दुसऱ्यांदा घेतली. हात धुवून मोबाईल पाहिला तेव्हा भाव धाडकन पडलेला होता आणि खात्यात शून्य. ताई सांगते, माणूस तिथेच नळाजवळ उभा राहिला, नळ चालू ठेवून.

पण तुम्ही म्हणाल घाबरले असतील. छे! घड्याळ पाहिलं आणि ताईला म्हणाले, "एक वाजून चाळीस मिनिटं. लक्षात ठेव. बहात्तर तास हायेत आपल्यापाशी."

मग जे झालं त्याची प्रत माझ्याकडे आहे, नाहीतर कोणी म्हणेल मी तिखटमीठ लावते. अर्ज: 'प्रति, माननीय व्यवस्थापक, विमा निधी विभाग. विषय: आकस्मिक भावघसरणीमुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मिळणेबाबत.' त्याला जोडलेला पंचनामा: 'आम्ही खाली सह्या करणार पंच, अर्जदाराच्या बोलावण्यावरून मोबाईलच्या ठिकाणी प्रत्यक्ष हजर राहून पाहणी केली असता, सदर मोबाईलमध्ये शिल्लक शून्य आढळून आली. नुकसानीचे प्रमाण शंभर टक्के. मोबाईलच्या चतुःसीमा: पूर्वेस प्रिंटर, पश्चिमेस भिंत, उत्तरेस रस्ता, दक्षिणेस सूर्यभान यांचा बाक.' पंच तीन: सूर्यभानभाऊ, टपरीवाला रोहित आणि टायपिंगवाले ललितभाऊ. सह्या एकाच शाईनं. सोबत मोबाईलचा फोटो, मधोमध उभं राहून काढलेला, म्हणजे मोबाईल टेबलाच्या मधोमध आणि भाऊजी स्टुलावर. 'अंदाजे' कुठेही नाही.

मी हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होते. भाऊजी रागावले. "हसा! भरपाई आली का पेढे घेऊन येतो, तवा पाहू."

कंपनीकडून आधी ते आपोआप उत्तर देणारं यंत्र बोललं. 'आपली गैरसोय आम्ही समजू शकतो.' भाऊजींनी लिहिलं, 'समजून काय फायदा, पंचनामा उघडून पाहा.' यंत्र म्हणालं, 'आपली गैरसोय आम्ही समजू शकतो.' अशी दोघांची तासभर जुगलबंदी चालली. शेवटी यंत्रानं हार मानली आणि क्लेम माणसाकडे पाठवला. भाऊजींनी हे सगळ्या रांगेला सांगितलं.

इथे सूर्यभानभाऊंनी जे म्हटलं त्यात, खरं सांगते, मला एकही चूक काढता येत नाही. ते म्हणाले, "हे तं चांगलंच झालं. तुमचं नुकसान झालं, आता भरपाई येते का नाई हे दिसून राहिलं. क्लेम पास झाला का मी टाकतो. यापेक्षा पक्की परीक्षा कोनती?" पंचनाम्यावर सही केलेला माणूस तो. भाऊजींच्या अकरा वर्षांवर त्याचा विश्वास. आणि मागे प्रणालीची दोन वर्षं.

उत्तर आलं एका रविवारी, मी तिथेच होते. इंग्रजीत होतं, मी ताईच्या स्वयंपाकघरात उभी राहून वाचलं आणि मराठीत सांगितलं. भाषा मोठी गोड होती. आपला सौदा आपली ठेव पूर्ण संपण्याच्या जरा आधी बंद करण्यात आला. त्यातून उरलेले तीनशे बारा रुपये विमा निधीत जमा करण्यात आले. आपल्याकडे कोणतेही देणे बाकी नाही. विमा निधीने ठरल्याप्रमाणे काम केले आहे. धन्यवाद.

"म्हंजे?" भाऊजी म्हणाले. "माझेच तीनशे बारा त्या निधीत टाकले?"

"हो."

"भरपाई मले पाह्यजे होती, अन् थे मलेच कापून घेऊन राहिले?"

मी फळा-खडू नसताना समजावायला लागले. एक जण जिंकतो तेव्हा समोरचा हरलेला असतो, जिंकणाऱ्याचे पैसे हरणाऱ्याच्या ठेवीतून जातात, भाव फार जोरात पडला तर ठेव पुरत नाही... भाऊजींचा चेहरा माझ्या सातवी ब सारखा झाला. ताई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली.

"अवं, हे तं आमच्या भांड्यांच्या गल्ल्यासारखंच झालं."

इंदूताईच्या महिला मंडळाची लग्नाची भांडी आहेत, ती भाड्यानं देतात. नेणाऱ्याकडून डिपॉझिट घेतात. ताट हरवलं, पातेलं चेपलं की डिपॉझिटमधून कापतात, आणि दुरुस्ती करून चार पैसे उरले तर ते एका डब्यात टाकतात.

"एखांद्या लग्नात चाळीस ताटं गायब होतात," ताई म्हणाली, "डिपॉझिट पुरत नाई. तवा आमी त्याच्या दारात भांडाले जातो का? नाई. डब्यातून ताटं आनतो, का पुढच्या लग्नवाल्याले पूर्ण भांडी भेटली पाह्यजे. ज्यानं हरवली त्याचं देनं वाढत नाई अन् पुढच्याचं अडत नाई. डबा त्याच्यासाठीच हाये." मग भाकरी उलटून ती नवऱ्याकडे वळली. "पन ज्यानं ताटं हरवली त्याले आमी डिपॉझिट वापस देतो का? असं कुठी असते का, बापा?"

मी बी.एड. केलंय, वीस वर्षं शिकवते, आणि मला हे सुचलं नव्हतं. मला माझाच राग आला.

भाऊजींनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "अन् डबा रिकामा झाला तं?"

"मंडळाचा रिकामा झाला तर ताई वर्गणी काढेल," मी म्हटलं. "तुमच्या कंपनीचा रिकामा झाला तर ते जिंकणाऱ्यांचे सौदे मधूनच बंद करतात. अटींमध्ये लिहिलंय."

"म्हंजे पंगत बसली असतांनी पातेली उचलून नेतात?" ताई म्हणाली. "मंग त्याहीच्याकडं कोन जेवाले जाते!"

ती हसली, मी हसले. भाऊजी हसले नाहीत. मला वाटलं पैशाचं दुःख असेल. जाताना मी म्हटलं, "सूर्यभानभाऊंना सांगा बरं लगेच." ते म्हणाले, "हाव, सांगतो ना."

सोमवारी सांगितलं नाही. मंगळवारी मी फोन केला तर म्हणे गर्दी होती. बुधवारी सूर्यभानभाऊंनी विचारलं, क्लेमचं काय झालं? आणि ह्या माणसानं, देवमन तायडेनं, उत्तर दिलं: "प्रक्रियेत हाये." जे सरकारी कारकुनानं म्हटलं की हाच माणूस अर्धा तास शिव्या देतो! का? तर अकरा वर्षांत पहिला क्लेम नामंजूर झाला हे रांगेसमोर तोंडानं कसं म्हणायचं. नाक आडवं आलं, दुसरं काय!

गुरुवारी संध्याकाळी ताईचा फोन आला. आवाज बारीक. "आरती, सूर्यभानभाऊ आलते. त्याहीनं ॲपमधी पैसे टाकले वं. एक लाख साठ हजार. म्हनते, क्लेम प्रक्रियेत हाये म्हंजे नामंजूर तं झाला नाई, देवमनभाऊचा आजलोक कोनता क्लेम नामंजूर झाला? उद्या सकाळी सौदा लावतो म्हनते." मी विचारलं, आणि भाऊजी? "कोंबड्याच्या खुराड्याजवळ बसले हायेत. मी बोलली तं उत्तर देत नाई."

मी हेडमास्तरांना किरकोळ रजेचा मेसेज टाकला, कारण विचारलं तर सांगितलं घरगुती. शुक्रवारी पहिल्या गाडीनं बार्शीटाकळी. रस्ताभर काय काय बोलायचं ते तयार केलं होतं. भाऊजी असतील तर असतील, वयानं मोठे असतील तर असतील, आज मी सोडणार नव्हते.

केंद्र उघडलेलं. रांगेत आठ-दहा माणसं. बाकावर सूर्यभानभाऊ, हातात मोबाईल, डोळ्यांवर चष्मा, बोट वर धरलेलं. भाऊजींनी मला पायरीवर पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मी तोंड उघडलं.

"थांब आरती," ते म्हणाले. "मी सांगतो."

ते उभे राहिले. त्या खुर्चीवरून मी त्यांना कामाच्या वेळात उठताना कधी पाहिलं नव्हतं. ड्रॉवरमधून कागद काढला, माझंच मराठी त्यांनी लिहून ठेवलेलं होतं, आणि शाळेत प्रतिज्ञा म्हणतात तसं मोठ्यानं वाचायला लागले. तीनशे बारा रुपयांपर्यंत आवाज ठीक होता. मग कागद खाली ठेवला.

"सूर्यभान, माझा क्लेम नामंजूर झाला. थो विमा माझ्यासारख्यासाठी नाईच. जो जिंकते त्याचे पैसे बुडू नाई म्हनून, अन् जो हरते त्याच्या घरी वसुली येऊ नाई म्हनून थो हाये. हरनाऱ्याची ठेव त्यातून वापस येत नाई. मी चुकीचं वाचलं, अन् तुले चुकीचं सांगतलं. लावू नको सौदा."

सूर्यभानभाऊंचं बोट अजून वरच होतं. मग त्यांनी मोबाईल उलटा करून भाऊजींच्या हातात दिला. "काढा बाहेर," एवढंच म्हणाले.

भाऊजींनी पैसे परत बँकेत पाठवायचं बटण दाबलं. 'आपली विनंती प्रक्रियेत आहे' असं आलं. मी ते वाचून मोठ्यानं हसले असते, पण भाऊजींनी मोबाईल दोन्ही हातांनी धरला होता. पाऊण तास गेला. सर्व्हर चालू होता, तरी रांगेतल्या एकानंही काम करा म्हटलं नाही. रोहितनं न सांगता चहा आणला, तो सगळ्यांच्या हातात थंड झाला. शेवटी मोबाईल वाजला. बँकेचा मेसेज होता. एक लाख साठ हजार, पूर्ण. मी त्या बाकावर बसून चक्क रडले. मला काय झालं होतं कुणास ठाऊक, पैसे माझे नव्हते.

सूर्यभानभाऊंनी मेसेज दोनदा वाचला. मोबाईल खिशात ठेवला. मग विचारलं, "कंपनीचं उत्तर कवा आलं?"

"रविवारी."

"आज शुक्रवार हाये."

"हाव."

"पाच दिवस काहून नाई सांगतलं?"

"शरम वाटली," भाऊजी म्हणाले.

"मी काल रातीच लावला असता तं?"

सूर्यभानभाऊ उठले, थंड चहाचा ग्लास टेबलावर ठेवला आणि निघून गेले. भाऊजींनी दिवसभर काम केलं, पण दुपारी डबा उघडला नाही. रस्ताभर तयार केलेलं माझं भाषण मी तसंच अकोल्याला परत आणलं. त्यांना आणखी बोलायचं काही उरलं नव्हतं.

शनिवारी बाक रिकामा होता. ताई म्हणाली, भाऊजी दर पाच मिनिटांनी रस्त्याकडे पाहतात, आणि एका माणसाच्या दाखल्यावर त्याच्या बायकोचं नाव टाकून बसले.

रविवारी केंद्र अर्धा दिवस चालू असतं. मी ताईकडे आले होते, भाऊजींना डबा द्यायला केंद्रात गेले. बाराच्या सुमारास सूर्यभानभाऊ आले. एकटे नव्हते, सोबत त्यांच्या शेजारच्या सत्यवतीकाकू होत्या, ऐंशीच्या घरातल्या, हातात कागदांची पिशवी. निराधार पेन्शनचा अर्ज भरायचा होता. काकूंना ऐकायला कमी येतं, त्यामुळे त्या जे बोलतात ते सगळ्या रस्त्याला ऐकू जातं.

"सूर्यभान, हाच का रे थो मानूस? याचाच अर्ज नामंजूर झाला ना? मंग मले याच्यापाशी कायले आनलं?"

रांग खाली पाहायला लागली. भाऊजी कीबोर्डकडे पाहत राहिले. सूर्यभानभाऊ काकूंच्या कानाजवळ वाकले, पण बोलले असे की टपरीवरच्यालाही ऐकू जावं.

"याच्यापाशीच भरा, काकू. दुसरे लोक पैसे घेऊन होते-होते म्हनत राहतात. काम होत नसलं तं हा मानूस तोंडावर सांगते. उशिरा सांगते, पन सांगते."

भाऊजींनी मान वर केली नाही. "आधार कार्ड आनलं का, काकू?" एवढंच विचारायला गेले, आणि आवाज असा फुटला की काकूंनी पिशवी खाली ठेवून आधी त्यांना प्यायला पाणी दिलं.